बेने इस्रायली आडनावे : उगम, इतिहास आणि भौगोलिक विस्तार

बेने इस्रायली आडनावे : महाराष्ट्रातील बेने इस्रायल या मराठीभाषक यहुदी समाजाची ग्रामवाचक आडनावे. गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लागून ती तयार झाली आहेत. चेऊलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नागावकर, झिराडकर, केहिमकर, राजपूरकर, दिवेकर ही त्यांपैकी काही ठळक आडनावे. अशा आडनावांची संख्या शंभरावर जाते. ती ज्या गावांवरून पडली त्यांतील बहुतेक गावे आजच्या रायगड (१९८१ पर्यंत कुलाबा) जिल्ह्यात आहेत. समाज मुळातच लहान आणि आडनावे भरपूर, त्यामुळे एकेक आडनाव थोड्याच घराण्यांपुरते राहिले. पुढे स्थलांतरामुळे त्यांतली काही भारतात क्वचितच ऐकू येऊ लागली. आज ही आडनावे धारण करणारी कुटुंबे प्रामुख्याने ठाणे, मुंबई, पुणे, अहमदाबाद आणि इस्राएल येथे आढळतात.

उगम : समाजाच्या परंपरेनुसार पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. बुडालेल्यांना नवगावला पुरले, असे ही परंपरा सांगते. तेथील जुनी दफनभूमी आणि स्मारक समाजाला आजही पवित्र वाटते. वाचलेल्यांचे वंशज अष्टागर (अलिबागजवळची किनारपट्टी) आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत पांगले, तेलघाण्याच्या धंद्यात शिरले आणि मराठी बोलू लागले. शनिवारी शब्बाथ (विश्रांतीचा पवित्र दिवस) पाळून ते घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

शेजाऱ्यांनी दिलेले हे धंदेवाचक नाव आडनाव मात्र झाले नाही. याचे कारण वस्तीच्या रचनेत आहे. एखाद्या गावात या समाजाची एक-दोन घरे, फार तर एखादी आळी असे. सगळेच तेली असल्याने धंद्यावरून घराणे ओळखता येत नव्हते. बायबलमधली ठरावीक नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहत, त्यामुळे नुसत्या नावावरूनही पत्ता लागत नसे. सोयरीक जमवताना, सणाला एकत्र जमल्यावर किंवा तंटा मिटवताना ‘कुठले?’ हाच प्रश्न आधी येई. त्याचे उत्तर गावाच्या नावात होते. कोकणातल्या इतर जातीजमातींनीही हीच रीत पाळली आहे. गाव सोडून बाहेर पडलेल्या माणसाला ‘कर’ लागतो आणि तो मग पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

नावाची घडण : जुन्या बेने इस्रायली नावांत तीन पदे दिसतात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गाव. हिब्रू नावांना मराठी वळण लागले होते. सॅम्युअलचे सामाजी, इझिकिएलचे हस्साजी, अब्राहमचे अबाजी, आयझॅकचे इसाजी, मोझेसचे मुसाजी, एलायजाचे एलोजी अशी रूपे रूढ होती. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सामाजी हस्साजी दिवेकर यांचे. कागदोपत्री सॅम्युअल इझिकिएल दिवेकर असलेले हे गृहस्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले आणि पुढे सुटले. १७९६ मध्ये त्यांनी मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) बांधले. ‘शाआर हाराहामीम’ म्हणजे दयेचे द्वार हे त्याचे नाव. समाजात त्याला ‘जुनी मशीद’ म्हणतात. ज्या रस्त्यावर ते उभे राहिले त्याला सॅम्युअल स्ट्रीट हे नाव मिळाले. ‘सामाजी हस्साजी दिवेकर’ या नावातली पहिली दोन पदे हिब्रू मुळाची आणि मराठी वळणाची आहेत, तिसरे पद सर्वस्वी कोकणातले आहे. हा समाज या भूमीत किती मुरला होता हे या एका नावातून कळते.

काजी घराणी : काही आडनावांना धार्मिक मान होता. परंपरेनुसार डेव्हिड राहाबी नावाच्या यहुदी प्रवाशाने कोकणातल्या या समाजाला विसरलेले विधी नव्याने शिकवले आणि तीन जणांना तयार करून धर्मकार्य त्यांच्यावर सोपवले. हे तिघे झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर घराण्यांतले होते. राहाबीच्या काळाबद्दल परंपरा आणि अभ्यासक यांच्यात एकमत नाही, पण या तीन घराण्यांच्या वंशजांकडे ‘काजी’ हे पद वंशपरंपरेने चालत आले. गावोगाव फिरून विवाह व सुंता हे विधी करणे आणि तंटे सोडवणे ही काजींची कामे. अशा रीतीने गाव सांगणारे आडनाव या तीन घराण्यांच्या बाबतीत अधिकारही सांगू लागले. राजपूरकरांकडे विद्येची परंपराही पुढे आली. जोसेफ इझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रूतील अनेक प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

ग्रामाधार : आडनावे नकाशावर मांडली की मुंबई बंदराच्या दक्षिणेचा एक सलग पट्टा उमटतो. अलिबाग परिसरातून नवगावकर (नवगाव), केहिमकर (किहीम), झिराडकर (झिराड), नागावकर (नागाव), आवासकर (आवास), सोगावकर (सोगाव), पेझारकर (पेझारी) आणि चेऊलकर (चौल) ही आडनावे आली. पेण भागातून पेणकर आणि वाकरूळकर (वाक्रूळ) आली. कुंडलिका नदीकाठच्या रोह्यातून रोहेकर आणि त्याला लागून असलेल्या अष्टमीतून अष्टमकर, त्याच तालुक्यातील घोसाळ्यातून घोसाळकर आणि मुरूडकडील कोर्लईवरून कोर्लेकर आडनाव पडले. यांतली बरीच ठिकाणे खाडीकाठी किंवा बंदराच्या वाटेवर आहेत. तेलाचा माल बाजारात नेण्याच्या दृष्टीने अशा जागा सोयीच्या होत्या. अलिबागेतील इस्रायल आळी आणि रेवदंडा, अलिबाग, पनवेल व पेण येथे एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली सिनेगॉग या पट्ट्यातील दाट वस्तीची साक्ष देतात.

ही आडनावे बेने इस्रायलांपुरती राखीव नाहीत. दिवेकर आणि दांडेकर ही आडनावे चित्पावनांतही आहेत. घोसाळकर, नागावकर, पेणकर ही इतर हिंदू जातींत आढळतात. कोकणी मुसलमानांतही ‘कर’ लावण्याची रीत आहे. आडनाव एक म्हणून वंश एक, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. समाज कळतो तो पहिल्या दोन पदांवरून. वंश वेगळा असला तरी या सामाईक आडनावांमागे गावाचे नाव मात्र सारखे आहे.

स्थलांतर आणि आडनावांचा प्रवास : १७४६ मध्ये दिवेकर घराणे मुंबईत आल्याची नोंद सांगितली जाते. त्यानंतर कोकणातून मुंबईकडे येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. कंपनीच्या पलटणी, गोदी, बांधकाम आणि पुढे रेल्वे, टपाल व दवाखाने यांत या समाजाची माणसे स्थिरावली. सरकारी चाकरीमुळे ही आडनावे पुणे, अहमदाबाद, कराची आणि एडनपर्यंत गेली. कराचीतील मागेन शालोम सिनेगॉग १८९३ मध्ये सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी बांधले. कोकणातल्या खेड्याचे नाव लावणाऱ्या माणसाने सिंधमध्ये उभारलेली ही वास्तू १९८८ मध्ये पाडली गेली. गांधीजींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक डॉ. अब्राहम एरुळकर याच समाजातले होते. त्यांच्या कन्या लीला यांचा विवाह ग्लाफ्कोस क्लेरिदीस यांच्याशी झाला. क्लेरिदीस १९९३ ते २००३ या काळात सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष होते.

आडनाव गळण्याची प्रक्रिया : इंग्रजी शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांच्या प्रभावाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोठा बदल झाला. सामाजी, हस्साजी ही रूपे मागे पडून सॅम्युअल, इझिकिएल ही इंग्रजी वळणाची नावे आली. वडिलांचे किंवा आजोबांचे नाव आडनावाच्या जागी बसले आणि ‘कर’ असलेले तिसरे पद अनेकांनी सोडून दिले. इंग्रजी लिहिताना ‘कर’ची दोन-तीन वेगवेगळी रूपे झाली, त्यामुळे एकाच घराण्याची नावेही कागदोपत्री निरनिराळी दिसू लागली.

या बदलाची उदाहरणे ठळक आहेत. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस हे राजपूरकर होते. महालक्ष्मी ते वरळी भागातील डॉ. ई. मोझेस मार्गाला त्यांचे नाव आहे, पण त्या पाटीवर राजपूरकर कुठेच नाही. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले इंग्रजी कवी निस्सीम इझिकिएल (१९२४–२००४) यांच्या कुटुंबाचे आडनाव तळकर. ‘बूट पॉलिश’ (१९५४) मधील जॉन चाचा म्हणून घराघरांत पोचलेले अभिनेते डेव्हिड यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चौलसारख्या प्राचीन बंदराचे नाव धारण करणाऱ्या या कलावंताला प्रेक्षकांनी एकाच पदाने ओळखले. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) ज्या नाटकावर बेतला होता, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड हे पेणकर होते. आडनाव गळल्यामुळे यांतील बहुतेक जण मराठी मुलखातले आहेत हेच पुष्कळ वाचकांच्या लक्षात येत नाही.

ठाणे आणि कोपरी : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. रेल्वे आणि सरकारी खात्यांतील नोकऱ्यांमुळे ठाण्यात बेने इस्रायलांची वस्ती रुजली. १८७९ मध्ये येथे ‘शाआर हाशामायिम’ म्हणजे स्वर्गद्वार हे सिनेगॉग उभे राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईतील डोंगरी, भायखळा, माझगाव येथील अनेक कुटुंबे ठाण्याकडे सरकली. आज भारतातील बेने इस्रायलांचे हे एक प्रमुख केंद्र आहे. या कुटुंबांची आडनावे ठाण्याची नव्हेत, कुलाब्याची आहेत. शहर बदलले, चार पिढ्या लोटल्या, तरी आडनाव खाडीपलीकडच्या खेड्याचेच राहिले.

आडनावांच्या अभ्यासकाला ठाणे शहर विशेष उपयोगी पडते, कारण तेथे आडनाव घडण्याच्या तीन पद्धती शेजारी शेजारी दिसतात. स्थानकाच्या पूर्वेकडील कोपरी हा त्यातला महत्त्वाचा भाग. ठाणे-कोपरी-कल्याण पट्ट्यातील मूळच्या आगरी-कोळी वस्त्यांत पाटील, नाखवा, तांडेल अशी हुद्द्यावरून किंवा कामावरून पडलेली आडनावे आहेत. फाळणीनंतर कोपरीत स्थायिक झालेल्या सिंधी कुटुंबांत ‘आणी’ प्रत्ययाची पूर्वजवाचक आडनावे आढळतात. मीरचंदाणी म्हणजे मीरचंद या पूर्वजाचे वंशज. बेने इस्रायली आडनाव गावावरून येते. पहिल्या पद्धतीत माणूस काय करतो हे कळते, दुसरीत कोणाच्या वंशातला हे कळते आणि तिसरीत कुठून आला हे कळते. सिंधी आणि बेने इस्रायल या दोन्ही समाजांनी मूळ ठिकाण सोडले, परंतु एकाने पूर्वजाचे नाव सोबत आणले आणि दुसऱ्याने गावाचे.

इस्राएलमध्ये : १९४८ नंतर, विशेषतः १९५० आणि १९६० च्या दशकांत, समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. दिमोना, अश्दोद, बेरशेबा, लोद, रामला या नगरांत त्यांची वस्ती झाली. तेथील रब्बींनी बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत वंशशुद्धीच्या शंका उपस्थित केल्या. समाजाने त्याविरुद्ध आंदोलन केले आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचे जाहीर केले. तिकडे काहींनी हिब्रू आडनावे घेतली, तर अनेकांनी ‘कर’ कायम ठेवला. त्यामुळे इस्राएलमध्ये ‘कर’ने संपणारे आडनाव कानी पडले की माणूस मराठी मुळाचा आहे, हे जाणकार लगेच ओळखतात. तेथून निघणाऱ्या ‘मायबोली’ या मराठी नियतकालिकाने भाषेचा धागा जपला आहे. नवगावकर किंवा पेणकर म्हणवणाऱ्या ज्या तरुणांनी नवगाव वा पेण कधी पाहिले नाही, त्यांच्यासाठी आडनाव हाच कोकणाशी उरलेला दुवा आहे.

अभ्यासाची साधने : या विषयाचा पाया हाईम सॅम्युअल केहिमकर यांनी घातला. त्यांचा जन्म १८३० चा. माझगाव येथील सर एली कदूरी शाळेचे मूळ असलेली इस्रायली शाळा १८७५ मध्ये सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो १९३७ मध्ये तेल अविव येथे छापला गेला. किहीमचे नाव लावणाऱ्या माणसाच्या हातून हे काम झाले, ही मोठी गोष्ट आहे. मुंबई इलाख्याच्या ठाणे (१८८२) आणि कुलाबा (१८८३) गॅझेटियरांतही समाजाची माहिती मिळते.

सर्वांत बोलके साधन म्हणजे दफनभूमीतील शिळा. अनेक जुन्या थडग्यांवर वर हिब्रू आणि खाली देवनागरीत मराठी मजकूर कोरलेला असतो. मराठी मजकुरात मृताचे नाव, वडिलांचे नाव आणि ‘कर’ असलेले आडनाव क्रमाने येते. कचेरीच्या कागदात गळलेले तिसरे पद दगडावर टिकलेले असते. रायगडातील अनेक गावांत आता या समाजाचे एकही घर उरलेले नाही. तिथे गवतात बुडालेल्या, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने झिजणाऱ्या या शिळा हाच मोलाचा पुरावा आहे.

महत्त्व : महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. हक्कांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. समाजाच्या इतिहासाची जपणूक हे मात्र स्वतंत्र काम आहे आणि ते वेळेवर व्हायला हवे. रायगडातील दफनभूमींतील मराठी लेख वाचून, छायाचित्रे काढून गाववार नोंदले पाहिजेत. ज्या कुटुंबांकडे जुने केतुबा म्हणजे विवाहपत्र, नोकरीचे कागद किंवा शाळेचे दाखले असतील, त्यांनी त्यातील तिन्ही पदांचे पूर्ण नाव उतरवून ठेवावे आणि मुलांना आपले गाव सांगावे. या आडनावांत यहुदी समाजाच्या इतिहासाइतकाच कोकणाचाही इतिहास आहे, म्हणून ती जपण्याची जबाबदारी साऱ्या मराठी समाजाची आहे.