हृदयांतःशोथ, जंतुजन्य : प्रतिबंध आणि प्रतिजैविके
हृदयाच्या आतील अस्तराला, मुख्यतः झडपांना, जंतुसंसर्ग होऊन जडणारा जिवावरचा विकार. ऱ्हुमॅटिक तापाने खरबरीत झालेल्या किंवा कृत्रिम झडपेवर रक्तबिंबिका व फायब्रीन साचतात. रक्तात शिरलेले जंतू तेथे चिकटून वाढतात. त्या थरात पांढऱ्या पेशी सहजी पोचत नाहीत, म्हणून औषध बहुधा ४ ते ६ आठवडे शिरेतून द्यावे लागते.

दात काढताना तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस जंतू रक्तात उतरतात. त्यामुळे झडपेचा साधा दोष असला तरी पूर्वी दात काढण्याआधी प्रतिजैविक देत. रोज दात घासताना, चावतानाही जंतू रक्तात जातातच, हे ओळखून अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००७ मध्ये ही प्रथा आवरली. आता कृत्रिम झडप, पूर्वी होऊन गेलेला हाच आजार, काही जन्मजात हृद्दोष अशा मोजक्यांनाच ती लागू आहे. प्रौढांना उपचारापूर्वी ३० ते ६० मिनिटे २ ग्रॅम ॲमॉक्सिसिलीन देतात. बाकीच्यांना हिरड्यांची निगा अधिक तारते.

भारतात एक गल्लत वारंवार होते. ऱ्हुमॅटिक ताप उलटू नये म्हणून दर ३-४ आठवड्यांनी घ्यायचे पेनिसिलीनचे इंजेक्शन वेगळ्या कामाचे आहे. ते दंतोपचाराच्या वेळी पुरेसे पडत नाही. तरी ते बंद करू नये. झडपेच्या रुग्णाचा रेंगाळणारा ताप परस्पर गोळ्यांनी दाबणे तर घातकच: रक्ताच्या कल्चरआधी प्रतिजैविक पोटात गेले, की तपासणीत जंतू अनेकदा उगवत नाहीत आणि निदान हुकू शकते.