शिसे, पाणी आणि लिथियम : घरातल्या बॅटरीचा इतिहास

१/ निलंगा परिसरात ज्या घरी इन्व्हर्टर आहे, तिथे बॅटरीशेजारी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन बहुधा असतोच. दोन-तीन महिन्यांनी झाकणे उघडून पाणी भरायचे, हा नित्यक्रम. आता काही हौशी कारागीर ती जड बॅटरी काढून तिथे स्वतः जोडलेला लिथियम पॅक बसवतात आणि तो कॅन अडगळीत जातो. पण ते पाणी नेमके काय काम करीत होते? आजचा धागा त्याविषयी.

२/ वर्ष १८५९. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते याने शिशाचे दोन पत्रे एकमेकांपासून विलग ठेवून गुंडाळले आणि गंधकाम्लात बुडवले. पुन्हापुन्हा भारित करता येणारी ही पहिली बॅटरी. १८८१च्या सुमारास कामी फोर याने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची रीत आणली. क्षमता वाढली, उत्पादन सोपे झाले आणि शिशाची बॅटरी कारखान्यांत तयार होऊ लागली.

३/ मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून मुक्त झाला. राज्य वीज मंडळ स्थापन झाले १९६० मध्ये. त्यानंतरही खेडोपाडी तारा पोहोचायला बराच काळ लागला. तोवर लग्नातला कर्णा असो वा सभेचा ध्वनिक्षेपक, त्याला आधार बॅटरीचाच. ती तालुक्याच्या गावी ‘चार्जिंगला टाकून’ आणावी लागे.

४/ पुढे तारा आल्या, पण वीज अखंड राहिली नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाचे वेळापत्रक पाहूनच ग्रामीण महाराष्ट्राचा दिवस आखला जाई. फेब्रुवारी २०१३ मध्ये तर पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीज केंद्रच बंद ठेवावे लागले. इन्व्हर्टर ही चैन न राहता गरज झाली, ती अशा काळात.

५/ आता पाण्याकडे वळू. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीत सहा कप्पे एकामागे एक जोडलेले असतात. सर्वांतून एकच प्रवाह वाहतो, पण सहाही कप्पे एकाच क्षणी भरत नाहीत. जो आधी भरतो, त्यातला जादा प्रवाह पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर सोडतो. तेवढ्या वेळात मागे राहिलेले कप्पे भरून निघतात.

६/ म्हणजे कमी झालेले पाणी हा केवळ तोटा नव्हता. सहा कप्प्यांना एका पातळीवर आणण्याची ती किंमत होती. चार्जर थोडा बेशिस्त असला, तरी त्याची चूक पाणी पोटात घेई आणि घरातली माणसे कॅनमधून ती भरून काढीत. दीडशे वर्षे ही बॅटरी टिकली, त्यामागे तिचा हा सोशिक स्वभावही आहे.

७/ लिथियमची कथा अलीकडची. १९७०च्या दशकात स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, १९८० मध्ये जॉन गुडइनफ, १९८५ मध्ये अकिरा योशिनो यांनी एकेक टप्पा गाठला. १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र कोबाल्टवर आधारलेले हे रसायन अतितापले की ऑक्सिजन सोडते आणि आगीला बळ देते.

८/ घरासाठी महत्त्वाचा शोध १९९७ सालचा. टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचा उपयोग दाखवून दिला. फॉस्फेट आपला ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते, त्यामुळे आगीचा धोका पुष्कळ कमी होतो. मात्र तो नाहीसा होत नाही.

९/ हिशेब मोहात पाडणारा आहे. १५० अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीत सुमारे १८०० वॅट-तास असतात. आयुष्य जपायचे, तर त्यातले निम्मेच वापरावेत, म्हणजे ९००. फॉस्फेटचे १०० अँपिअर-तासांचे चार सेल जोडले, की १२.८ व्होल्ट आणि १२८० वॅट-तास. त्यातले ८० टक्के वापरले, तरी हजारावर. वजन पन्नास किलोंवरून दहा-बारा किलोंवर येते.

१०/ पण या चार सेलांत वाफ होऊन जाणारे पाणी नाही. चार्जरला केवळ बेरीज दिसते. १४.४ व्होल्ट म्हणजे प्रत्येकी ३.६ असे तो गृहीत धरतो. प्रत्यक्षात तीन सेल ३.५ वर आणि चौथा ३.९ वर असू शकतो. एका सेलची कमाल मर्यादा ३.६५. ती ओलांडली, की सेल फुगतो आणि निकामी होतो. बेरीज बरोबर असूनही घात होतो.

११/ म्हणून इथे पाण्याची जागा बीएमएस घेते. हे मंडल प्रत्येक सेल स्वतंत्रपणे मोजते आणि मर्यादा ओलांडताच जोडणी तोडते. ‘तेवढा खर्च वाचवू’ म्हणून ते गाळणारा बॅटरीचा समतोलच गाळतो. पण बीएमएस हा पहारेकरी आहे, कारभारी नव्हे. इन्व्हर्टरचा दाब १४.२ ते १४.४ च्या आत बांधता येत नसेल, तर त्यावर असा पॅक जोडू नये.

१२/ आणखी तीन पथ्ये. पहिल्या जोडणीपूर्वी चारही सेल समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत एकत्र भरावेत. धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा, कारण पाना आडवा पडला तरी क्षणात हजारो अँपिअर वाहू शकतात. आणि पॅक पत्र्याखाली ठेवू नये. मराठवाड्यातला मे महिना कोणत्याच बॅटरीला मानवत नाही.

१३/ काढलेली जुनी बॅटरी घरी फोडू नये. उघड्यावर वितळवलेल्या शिशाची धूळ मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते. विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घेण्याची तरतूद २००१च्या नियमांतच होती. २०२२च्या नियमांनी उत्पादकांची जबाबदारी वाढवली आणि लिथियमलाही त्यात आणले.

१४/ शिशाची बॅटरी दर दोन-तीन महिन्यांनी माणसाला आपल्याजवळ बोलावीत असे. लिथियम बोलावत नाही, म्हणून ते विसरले जाते. ज्यांनी पॅक स्वतः जोडला आहे, त्यांनी पाण्याचा तो जुना दिवस मोडू नये. त्या दिवशी कॅनऐवजी मल्टिमीटर घ्यावा आणि चारही सेल एकेक करून मोजावेत.

(समाप्त)