गोड्या पाण्यातील मत्स्यशेती आणि सागरी संशोधन : उंद्री परिसराच्या संदर्भात

बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील उंद्री हे गाव समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. अशा प्रदेशातील तलाव व शेततळ्यांचा सागरी संशोधनाशी संबंध काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. तथापि मत्स्यशेतीच्या इतिहासात हा संबंध मूलभूत ठरला. कारण तळ्यात पाणी असूनही मत्स्यबीज नसेल, तर मत्स्यशेती संभवत नाही.

रोहू, कटला व मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, परिपक्वही होतात. परंतु साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून त्यांचे बीज पावसाळ्यात नद्यांतून गोळा करावे लागे व त्यात नको असलेल्या जातीही मिसळलेल्या असत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी व डॉ. के. एच. अलीकुन्ही यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रेरित प्रजनन यशस्वी केले. शुद्ध बीजाचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीच्या बाबतीत मात्र उत्तर समुद्राकडेच सापडले. ही कोळंबी गोड्या पाण्यात वाढते. पण तिच्या डिंभकांचे संगोपन दीर्घकाळ असाध्य वाटत होते. मलायातील पेनांग येथील सागरी मत्स्य संशोधन केंद्रात डॉ. शाओ-वेन लिंग यांनी 1961 च्या सुमारास दाखवून दिले की, डिंभकांना निमखारे पाणी आवश्यक असते. आज बीजोत्पादन केंद्रांत दर हजारी सुमारे 12 ते 15 भाग क्षारता राखली जाते. अकरा डिंभकावस्था पूर्ण झाल्यावर पिल्लांना क्रमाने गोड्या पाण्याची सवय करून तळ्यात सोडतात.

याच वर्षी, 1961 मध्ये, मुंबईत केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था स्थापन झाली. राज्यांच्या मत्स्यव्यवसाय खात्यांतील अधिकाऱ्यांना तेथे प्रशिक्षण मिळू लागले आणि किनाऱ्यावरील ज्ञान अंतर्गत जिल्ह्यांपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था निर्माण झाली.

हा इतिहास अवर्षणप्रवण भागासाठी विशेष अर्थपूर्ण आहे. हंगामी तळ्यात पाणी मोजकेच महिने टिकते. बीज उशिरा आल्यास माशांच्या वाढीचा काळ कमी होतो आणि शेतकऱ्याचे उत्पन्न घटते. पाणी साठवणे हे या व्यवसायाचे अर्धेच काम होय. उरलेले अर्धे, म्हणजे योग्य जातीचे बीज वेळेवर उपलब्ध करणे, हे प्रयोगशाळा व तळे यांच्यातील अंतर कमी करण्यावर अवलंबून आहे.