पुण्याचा कॅप्टन आणि नसलेला ग्रह

सूर्यमालेबाहेरच्या ग्रहांची गोष्ट बहुतेक जण १९९५ पासून सांगतात. त्या वर्षी मायर आणि केलोझ या स्विस जोडीला '५१ पेगासी' ताऱ्याभोवती ४.२ दिवसांत फेरी मारणारा ग्रह सापडला. पण असाच एक दावा त्याच्या १४० वर्षं आधी चक्क भारतातून झाला होता, आणि तो करणाऱ्याचं नातं आपल्या पुण्याशी होतं!

कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब. ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी, म्हणजे आपल्यासारखाच इंजिनिअर :) नोकरी सर्वेक्षणाची, नाद ताऱ्यांचा. १८४२ मध्ये या गृहस्थाने पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा थाटली आणि २४४ जोडताऱ्यांची यादी केली. १८४८ च्या अखेरीस तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला.

तिथे त्याला '७० ऑफियुकी' या जोडताऱ्याने छळलं. हा तारा भुजंगधारी तारकासमूहात, सुमारे १७ प्रकाशवर्षांवर आहे. त्यातले दोन तारे एकमेकांभोवती ८८ वर्षांत एक फेरी घालतात. जेकबने कक्षेचं गणित मांडलं, पण प्रत्यक्ष मोजलेल्या जागा त्याच्याशी जुळेनात. फरक बारीक, पण जाता जाईना. आउटपुट असं चुकायला लागलं की आपणही दोनच गोष्टी तपासतो ना? एकतर मोजमाप चुकतंय, नाहीतर सिस्टिममध्ये आपल्याला न दिसणारं काहीतरी बसलंय. १८४६ मध्ये नेपच्यून अशाच न जुळणाऱ्या आकड्यांतून सापडला होता. जेकबने १८५५ मध्ये लिहिलं, इथे न दिसणारा ग्रह असण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याची फेरी साधारण २६ वर्षांची असावी.

पुढे १८९० च्या दशकात टी. जे. जे. सी या अमेरिकन खगोलज्ञाने याच ताऱ्याला अदृश्य सोबती असल्याचं ठासून सांगितलं. १८९९ मध्ये मोल्टनने गणिताने दाखवलं की तशा कक्षेत तो टिकणारच नाही. आजवर तिथे एकही ग्रह सापडलेला नाही.

जेकब हे बघायला उरला नव्हता. १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने पुण्यातल्या वेधशाळेसाठी हजार पौंड मंजूर केले, नऊ इंची दुर्बीण ठरली. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला आणि १६ ऑगस्टला पुण्यात वारला. वय ४८.

मग त्याला आठवायचं कशाला? कारण मोजलेलं कुठे संपतं आणि अंदाज कुठे सुरू होतो, हे त्याने लपवलं नाही. २०१९ मध्ये भारताने एका परग्रहाचं नाव 'संतमस' ठेवलं, म्हणजे ढगाळ. त्याचं वर्ष २.१ दिवसांचं, वस्तुमान गुरूच्या निदान दीडपट, हे मोजलेलं. ते ढग मात्र अजून कुणी पाहिलेले नाहीत! परग्रहांची बहुतेक रंगीत चित्रंही अशीच, चार आकडे आणि बाकी चित्रकाराची कल्पना.

असो. यवतमाळकडे मे महिन्यात गच्चीवर झोपणं झालंच, तर मध्यरात्री भुजंगधारी शोधा. ७० ऑफियुकी अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसतो.