सदनिका गुंतवणुकीतील दुरुस्ती तरतूद (वसई-विरार)

सदनिका गुंतवणुकीतील दुरुस्ती तरतूद म्हणजे भाड्याने देण्यासाठी किंवा पुनर्विक्रीसाठी घेतलेल्या घराच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च आधीच अंदाजून बाजूला ठेवलेली रक्कम होय. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या क्षेत्रात घरांच्या किमती मुंबईपेक्षा कमी असल्याने जुन्या सदनिकांमध्ये गुंतवणूक केली जाते. किंमत कमी असली, तरी दुरुस्ती त्या प्रमाणात स्वस्त होत नाही. सिमेंट, पोलाद आणि परांची यांना वसईत वेगळा भाव नाही.

समुद्रालगतच्या खारट हवेतील क्षार काँक्रीटमध्ये शिरून सळ्या गंजवतात. गंजलेली सळई फुगते व तिच्यावरील काँक्रीट सुटते. पावसाळ्यात गच्ची व बाह्य भिंतींतून झिरपणारे पाणी ही प्रक्रिया वाढवते. त्यामुळे जलरोधक थर व बाहेरील रंग यांचा खर्च ठरावीक वर्षांनी पुन्हा येतो.

संस्थेचे निधी

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाने सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीत आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात भरायची असते. बांधकाम खर्च १० लाख रुपये असल्यास ही रक्कम अनुक्रमे ७,५०० व २,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे ८३३ रुपये होते. मात्र हे प्रमाण जमिनीची किंमत वगळून मूळ बांधकाम खर्चावर ठरते. जुन्या इमारतीत तो खर्च दीड लाख असेल, तर किमान दराने वर्षाला जेमतेम १,५०० रुपये जमतात आणि मोठी दुरुस्ती निघताच सभासदांकडून विशेष वर्गणी काढावी लागते. म्हणून खरेदीपूर्वी संस्थेचा ताळेबंद, थकबाकी व सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त पाहणे हे दर चौरस फुटाच्या घासाघिशीपेक्षा अधिक मोलाचे ठरते.

गच्ची, बाह्य भिंती व सामाईक नळवाहिन्या यांची दुरुस्ती संस्थेकडे, तर सदनिकेतील कामे सभासदाकडे असतात. सदनिका भाड्याने दिल्यास संस्था सेवाशुल्काच्या कमाल १० टक्के बिनभोगवटा शुल्क आकारू शकते. हा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

तपासणी व कायदा

महानगरपालिका क्षेत्रात ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण बंधनकारक आहे. परीक्षणानंतर इमारतींची सी-१ (अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करण्यायोग्य), सी-२ए, सी-२बी व सी-३ अशी वर्गवारी होते. सी-१ इमारतीत दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाला अर्थ उरत नाही. नव्या प्रकल्पात रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत आढळलेले संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दूर करायचे असतात.

प्राप्तिकर कायद्यानुसार भाड्याच्या घराच्या निव्वळ वार्षिक मूल्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. प्रत्यक्ष दुरुस्तीवर कितीही खर्च झाला, तरी ती बदलत नाही.

अनधिकृत इमारती

वय हाच निकष पुरेसा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारच्या विजय नगर भागातील रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. ही इमारत २०१२ च्या सुमाराची व अनधिकृत होती. नालासोपाऱ्यातील अग्रवाल नगरी परिसरातील ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या. अशा ठिकाणी भोगवटा प्रमाणपत्र नसते आणि अनेकदा नोंदणीकृत संस्था व तिचा निधीही नसतो. तेथे दुरुस्तीसाठी ठेवलेली कोणतीही रक्कम मूळ गुंतवणूक वाचवू शकत नाही.