किकच्या जुन्या मोटरसायकलला छोटी बॅटरी निवडताना

जुनी बुलेट, येझदी किंवा राजदूत ३५० हौसेने सांभाळणाऱ्यांना बॅटरी बदलायची वेळ आली की एक सल्ला हमखास मिळतो. गाडी किकवर सुरू होते, मग मोठी बॅटरी हवी कशाला? इमर्जन्सी लाइटमधली छोटी सीलबंद बॅटरी बसवून टाका. या सल्ल्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्धावर विसंबले तर मात्र गाडी रात्रीच्या वेळी घाटात बंद पडण्याची पाळी येऊ शकते.

सेल्फ स्टार्टर असलेल्या गाडीत इंजिन फिरवण्यासाठी काही सेकंद फार मोठा प्रवाह लागतो. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीला दमदार बॅटरी दिलेली असते ती त्यासाठी. किकच्या गाडीत हे काम चालकाचा पाय करतो. त्यामुळे बॅटरीच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या 'क्रँकिंग' क्षमतेसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. पण ठिणगीला वीज देणे, इंजिन मंद गतीवर असताना दिवे व हॉर्न सांभाळणे आणि अल्टरनेटर किंवा डायनॅमोकडून येणारी जादा वीज पोटात घेणे ही कामे शिल्लक राहतातच.

म्हणून पहिला प्रश्न आकाराचा नसून ठिणगीचा आहे. १९८५ ते १९९६ या काळात भारतात तयार झालेल्या यामाहा आरएक्स १०० मध्ये सीडीआय प्रज्वलन आहे आणि त्याला वीज मॅग्नेटोच्या स्वतंत्र कॉइलमधून मिळते. या गाडीची बॅटरी पूर्ण बसली तरी इंजिन सुरू होते. अडते ते हॉर्न आणि इंडिकेटरपाशी. अशा गाडीला १२ व्होल्ट, २.५ अँपियर-तासांची बॅटरी पुरते. पॉइंट आणि कॉइल असलेल्या जुन्या बुलेटचे वा येझदीचे तसे नाही. तेथे ठिणगीची वीज बॅटरीच्या मंडलातून येते. पॉइंट जुळलेले असताना ६ व्होल्टची कॉइल ३ ते ४ अँपियर घेते. पॉइंट सतत उघडझाप करत असल्याने सरासरी २ अँपियरच्या आसपास धरली, तरी ३० वॅटचा हेडलाइट ६ व्होल्टवर आणखी ५ अँपियर ओढतो. सिग्नलला वा वाहतूक कोंडीत इंजिन मंद चालत असते तेव्हा अल्टरनेटर ही गरज भागवू शकत नाही आणि सगळा भार बॅटरीवर येतो.

येथे वेष्टनावरचा आकडा फसवतो. ४.५ अँपियर-तास ही क्षमता २० तासांत सावकाश वीज काढली तर मिळणारी असते, म्हणजे जेमतेम पाव अँपियरच्या प्रवाहाला. तीच बॅटरी ७ अँपियरवर राबवली तर अर्धा तासही टिकत नाही.

राजदूत ३५० (मूळची यामाहा आरडी ३५०) या बाबतीत अधिकच नाजूक आहे. तिच्या अल्टरनेटरमध्ये कायमचे चुंबक नसून विद्युतचुंबक आहे आणि त्याला चेतवण्यासाठी बॅटरीच लागते. बॅटरी साफ बसली की धक्का मारूनही सहसा उपयोग होत नाही. जुन्या बुलेटच्या स्विचवर आणीबाणीची स्वतंत्र खूण असते, ती नेमकी अशा प्रसंगासाठी. शिवाय बुलेटवाल्यांची किक मारण्याची रीतही बॅटरीवर अवलंबून आहे. किक हळू दाबत नेली की अ‍ॅमीटरचा काटा उणेकडे जाऊन पुन्हा मध्यावर येतो, मग डीकॉम्प्रेसर दाबून किक किंचित पुढे सरकवायची आणि मगच जोर लावायचा. बॅटरी दुबळी असेल तर काटा जागचा हलत नाही आणि अननुभवी चालकाच्या पोटरीला किकचा उलटा तडाखा बसतो.

त्यानंतर व्होल्टेज. गाडीच्या नोंदणीच्या वर्षावरून ते ठरवू नये. मधल्या मालकांनी ६ चे १२ व्होल्ट केलेल्या गाड्या बाजारात पुष्कळ आहेत आणि काहींत हे काम अर्धवटच झालेले असते. दिवे, हॉर्न आणि कॉइल या तिन्हींवरचा आकडा वाचावा. तिन्ही जुळत नसतील तर बॅटरी घेण्यापूर्वी वायरिंगच्या कारागिराला गाठावे.

सर्वांत जास्त बॅटऱ्या ज्या कारणाने मरतात ते मात्र क्वचितच तपासले जाते. इंजिन मध्यम वेगावर ठेवून बॅटरीच्या टोकांना मल्टिमीटर लावावा. १२ व्होल्टच्या गाडीत १३.८ ते १४.५, तर ६ व्होल्टच्या गाडीत साधारण ७ ते ७.२ व्होल्ट दिसायला हवेत. १५ किंवा ७.५ च्या वर आकडा गेला तर चार्जिंगवर नियंत्रण नाही असे समजावे. अनेक जुन्या रचनांत वेगळा नियंत्रक नव्हताच. पाणी घालायची मोठी बॅटरी जादा वीज झेलत असे आणि आटलेले डिस्टिल्ड वॉटर मालक महिन्याकाठी भरत असे. त्या जागी छोटी सीलबंद बॅटरी आली की तिला ना झेलण्याची ताकद, ना पाणी भरण्याची सोय. ती फुगते, सुकते, आणि दोष विक्रेत्याच्या माथी मारला जातो. आधी चांगला रेग्युलेटर, मग सीलबंद बॅटरी, हाच क्रम योग्य.

रेग्युलेटर धड असेल तर एजीएम प्रकारची सीलबंद बॅटरी शहरी वापराला सोयीची. आम्ल सांडून सायलेन्सरचे क्रोम खराब होण्याची भीती राहत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाने फारच हलकी असते, पण जुन्या गाडीत ती जपूनच घ्यावी. व्होल्टेज वाढले की तिच्यातील संरक्षक मंडल प्रवाह तोडते आणि मग ती सगळी वीज दिव्यांवर येऊन एकापाठोपाठ एक बल्ब उडतात. पॉइंटच्या १२ व्होल्टच्या गाडीला ५ ते ९ अँपियर-तास पुरेसे ठरतात. ६ व्होल्टच्या गाडीत मूळ क्षमतेच्या फार खाली न गेलेले बरे. यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपियर-तासांची बॅटरी स्वस्त पडते, मात्र ती एका जागी स्थिर राहण्यासाठी घडवलेली असते. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर तिला मानवत नाही. तीच वापरायची असेल तर खाली-वर जाड रबर हवे.

मूळ रूप जपणारे हौशी लोक जुन्या काळ्या बॅटरीचे कवच रिकामे करून, धुऊन, आत नवी छोटी बॅटरी लपवतात. युक्ती उत्तम आहे, फक्त कवचातले आम्ल खाण्याच्या सोड्याने पुरते निष्प्रभ केलेले असावे. जोडणीपूर्वी गाडीच्या सांगाड्याला कोणते टोक जोडले आहे तेही पाहावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत ते पॉझिटिव्ह असे. सवयीने उलटे जोडले तर नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर क्षणात जळतो. बॅटरीच्या मुख्य तारेत फ्यूज नसेल तर तो याच वेळी बसवून घ्यावा.

खरेदी करताना निर्मितीची तारीख पाहावी. दुकानात आम्ल भरून दिलेली बॅटरी लगेच गाडीला न लावता क्षमतेच्या एक दशांश प्रवाहावर, म्हणजे ५ अँपियर-तासांच्या बॅटरीला अर्ध्या अँपियरवर, पूर्ण चार्ज करून घ्यावी. जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत द्यावी. तिच्यातील शिशाची विल्हेवाट बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार होणे अपेक्षित आहे. आणि पॉइंटच्या गाडीत इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये. पॉइंट जुळलेल्या स्थितीत थांबले असतील तर कॉइल तापत राहते आणि छोटी बॅटरी तासा-दोन तासांत रिकामी होते.