सहा इंचांची पायरी

चौकात फुटपाथ संपतो तिथे एक पायरी असते. ‘इंडियन रोड्स काँग्रेस’च्या पादचाऱ्यांविषयीच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की तिची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सहा इंचांपेक्षा, अधिक नसावी. धडधाकट माणसाच्या ती ध्यानातही येत नाही.

मी अभियंता नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. रस्त्यांविषयीचे कायदे, ठराव आणि मानके गोळा करून वाचण्याचा नाद आहे, एवढेच. हे कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एक गोष्ट नजरेत भरली. ही पायरी काढा म्हणणारे अपंग होते आणि ती हवी म्हणणारेही अपंगच होते. दोघांचेही म्हणणे रास्त होते.

काढा म्हणणाऱ्यांपासून सुरुवात करू. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील कॅलमझू या गावी १९४५ मध्ये जॅक फिशर नावाच्या वकिलाने नगरपालिकेकडे मागणी केली. तो स्वतः युद्धात जखमी झालेला सैनिक होता. त्याच्यासारखेच परतलेले सैनिक चाकाच्या खुर्चीतून किंवा कुबड्या घेऊन बाजारपेठेत येत आणि प्रत्येक कोपऱ्यावर अडत. नगरपालिकेने काही कोपऱ्यांवर प्रयोगादाखल उतार बांधले. पुढे कॅलिफोर्नियातील बर्कली येथे पोलिओग्रस्त एड रॉबर्ट्स १९६२ मध्ये विद्यापीठात दाखल झाला. त्याच्यामागोमाग आलेल्या विद्यार्थ्यांचा गट ‘रोलिंग क्वॉड्स’ म्हणून ओळखला जाऊ लागला. रात्री घण घालून फुटपाथच्या कडा फोडल्याच्या गोष्टी नंतर पुष्कळ रंगवल्या गेल्या. पण मुलांनी चिकाटी धरली ती नगर परिषदेत, आणि १९७१ मध्ये परिषदेने उतार बांधण्याचे धोरण स्वीकारले. या उतारांवरून मग बाबागाड्या, हातगाड्या आणि म्हातारी माणसेही जाऊ लागली.

आता दुसरी बाजू. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला रस्ता कुठे सुरू होतो हे कशावरून कळते? काठीचे टोक कडेवरून खाली घसरते, त्यावरून. कडेचा उतार झाला की ही खूण पुसली जाते. माणूस चालता चालता वाहनांच्या वाटेत उतरतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. एकाची अडचण ती दुसऱ्याची खूण, असा हा पेच होता.

त्यावरचा तोडगा जपानमध्ये आधीच निघाला होता, तोही या पेचाशी संबंध नसताना. ओकायामा शहरातील सेइइची मियाके यांनी आपल्या दृष्टी गमावत चाललेल्या मित्रासाठी पायाला आणि काठीला जाणवेल अशी उठावाची फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी तिथल्या अंधशाळेजवळच्या चौकात अशा २३० फरश्या बसवल्या गेल्या. आज तिचे दोन प्रकार रूढ आहेत. लांबट पट्ट्या असतील तर ‘चालत राहा’ आणि गोल ठिपके असतील तर ‘थांबा, पुढे काही आहे’. पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांसाठी. उताराच्या तोंडाशी ठिपक्यांची रांग घातली की चाक अडत नाही आणि काठीलाही खूण मिळते.

हा समेटही सहज झाला नाही. अमेरिकेने १९९१ च्या नियमांत उतारांवर असे ठिपके बंधनकारक केले, १९९४ मध्ये ती अट स्थगित केली आणि २००१ पर्यंत ती तशीच राहिली. ठिपके सर्वत्र हवेत की नकोत, यावर अंधांच्याच दोन मोठ्या संघटनांचे एकमत नव्हते.

आपल्याकडे १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याचे ४५ वे कलम वाचून मी चकित झालो. सिग्नलला आवाजाची सोय, फुटपाथला उतार, अंधांसाठी झेब्रा क्रॉसिंगवर उठावाची खूण, या साऱ्याचा एकाच कलमात उल्लेख आहे. चाक आणि काठी, दोघांचाही विचार तिथे झाला होता. पण कलमाच्या आरंभीच मेख आहे. हे सारे आर्थिक कुवत आणि विकासाच्या मर्यादेत राहून करायचे. कुवत ठरवणार कोण, तर ज्याने खर्च करायचा तोच!

२०१६ च्या नव्या कायद्याखाली नियम झाले, तरी त्यांतली मानके पाळलीच पाहिजेत की नाही हे संदिग्ध राहिले. राजीव रतूरी या दृष्टिहीन अर्जदाराच्या, २००५ पासून चाललेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी यावर बोट ठेवले. नियम १५(१) मुळे मानके केवळ शिफारशी ठरतात, म्हणून तो नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, असा निर्णय दिला आणि सक्तीची किमान मानके तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्र सरकारला सांगितले.

हे वाचल्यापासून मी शहरात फिरताना टेप बरोबर ठेवतो. पिवळ्या फरश्या पुष्कळ दिसतात. पण कुठे त्या थेट झाडाच्या बुंध्यात शिरतात, कुठे विजेच्या डीपीला भिडतात, कुठे ठिपक्यांच्या जागी पट्ट्या असतात. म्हणजे ‘थांबा’ म्हणायचे तिथे फरशी ‘चला’ म्हणते. उतार केला की दुचाकी चढतात, म्हणून खांब रोवतात आणि त्या खांबांच्या मधून चाकाची खुर्चीच जात नाही. यातले बरेच काही पैशाअभावी बिघडलेले नाही. फरशीचे पैसे दिले गेले आहेत, खांबाचेही. बसवण्याआधी काठी किंवा खुर्ची घेऊन तिथून कोणाला जायला सांगितले नाही, एवढेच.

कॅलमझूत मागणी करणारा स्वतः जखमी होता, बर्कलीत मागणारे खुर्चीत होते, ओकायामात फरशीमागे एका मित्राची गरज होती. आपल्याकडे कलम आहे, निकाल आहे, फरशीही आहे. चौकाचे काम पुरे झाल्याचा दाखला देण्यापूर्वी एका काठीवाल्याला आणि एका खुर्चीवाल्याला तो ओलांडायला बोलवावे, आणि त्या दोघांची सही झाल्याशिवाय ठेकेदाराचे बिल निघू नये. एवढी अट नियमांत घालायला कोणाची आर्थिक कुवत आड येऊ नये.